धातूचा यो-यो पुन्हा पुन्हा थरथरतो? आधी पक्कड खाली ठेवा

"दादा, परत थरथरायलाय बघा."

हे वाक्य गेल्या दोन वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, की दारात कुणी खिशातनं यो-यो काढताना दिसला की ते माझ्याच तोंडात येतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचा एक छोटा सीएनसी लेथ, म्हणजे संगणकावर चालणारं धातू कातायचं मशीन आहे. दिवसा पंपाचे बुश आणि व्हॉल्व्हचे पार्ट, मशीन मोकळं असलं की यो-यो. ॲल्युमिनियमचे, ५६ मिमी व्यास, ४४ मिमी रुंदी, वजन ६६ ग्रॅमच्या आसपास. घेणारे स्पर्धेतले नाहीत. कॉलेजची पोरं, रंकाळ्यावर संध्याकाळी टेकणारे लोक, नोकरीतनं आल्यावर गच्चीवर पाच मिनिटं हात मोकळा करणारे एक काका. यांना दोन-चार युक्त्या जमल्या की पुष्कळ झालं.

तक्रार मात्र सगळ्यांची एक. नेताना यो-यो लोण्यासारखा फिरत असतो. आठ-पंधरा दिवसांत दोरीतनं बोटाला झिणझिण्या यायला लागतात, दोन तास घोटलेली युक्ती दोन सेकंदांत कोलमडते. मी दुरुस्त करून देतो. महिन्याभरानं तोच यो-यो, तीच थरथर. एकदा आलेली तक्रार म्हणजे चूक. तीच तिसऱ्यांदा आली तर डिझाइनमध्ये काहीतरी मुरलंय, हे कळायला मला जरा उशीरच लागला.

आमच्याकडचे शब्द आधी सांगतो, म्हणजे पुढं घोळ नको. यो-योच्या दोन अर्ध्या भागांना आम्ही वाट्या म्हणतो. वाटीच्या मधोमध जो बारीक उंचवटा असतो, ज्यावर बेअरिंग बसतं, ती खुंटी. खुंटीच्या बुडाशी बेअरिंग टेकतं ती पायरी. दोन्ही वाट्या जोडणारा आट्यांचा स्क्रू म्हणजे ॲक्सल. आणि वाटीच्या आतल्या गोल खाचेत चिकटवलेली सिलिकॉनची चकती म्हणजे पॅड, जिला पकडून दोरी यो-योला वर आणते.

थरथर येते किती मोठ्या चुकीनं

फार छोट्या. एक वाटी धरा ३३ ग्रॅमची. ती मध्यापासून २० मायक्रॉन सरकली, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाव हिश्शाइतकी, आणि यो-यो मिनिटाला ५,००० फेरे घेत असला, तर बाहेर ओढणारा जोर १८ ग्रॅम वजनाएवढा निघतो. ६६ ग्रॅमच्या यो-योत पाव हिश्शाहून जास्त ओढ, तीही सेकंदाला ८३ वेळा दिशा बदलत. वेग निम्मा झाला की हीच ओढ चौथाईवर, साडेचार ग्रॅमवर येते. म्हणून फेकल्या फेकल्या हात झिणझिणतो आणि जरा वेळानं यो-यो आपोआप शहाणा होतो. पुष्कळ जण तेवढ्यावरनं म्हणतात, "गरम झाल्यावर नीट चालतो." गरम-बिरम काही होत नाही, फेरे कमी होतात.

दुसरी चूक तिरकेपणाची, आणि ती जास्त वाईट. दोन्ही वाट्या बेअरिंगच्या आतल्या रिंगेवर दाबून बसतात. ही रिंग पायरीला टेकते ती जागा जेमतेम ८ मिमी व्यासाची. तिथं एका बाजूला १० मायक्रॉनचा कण अडकला, तर ५६ मिमीच्या कडेवर तोच फरक ७० मायक्रॉन होऊन दिसतो. दाराच्या बिजागरीत खडा अडकल्यावर दार कसं होतं, तसं.

घरी करून बघायची तपासणी

यो-यो जोरात फेका आणि फिरत असताना बाजूच्या कडेला अंगठ्याचं नख हलकं लावा. गुळगुळीत घासल्यासारखं वाटलं तर ठीक. नखाला टकटक बसली तर वाट्या उघडा. उघडताना उलट्या दिशेनं हातानंच फिरवा, आणि खाली पांढरं कापड अंथरा, कारण पुढं जे शोधायचंय ते चमकतं.

पहिल्यांदा ॲक्सल बघा. तो दोन्ही वाट्यांत सारखा बसलेला असायला हवा. आमचा ॲक्सल एम४, म्हणजे ४ मिमी जाड, ०.७ मिमी आट्यांचा, १० मिमी लांब. दोन खुंट्यांच्या मध्ये पावणेदोन मिमी मोकळी जागा सुटते, म्हणजे बरोबर मध्ये असला तर प्रत्येक वाटीत सहाएक आटे पकडतात. तोच अडीच मिमी एकीकडं सरकला की दुसऱ्या वाटीला दोनच आटे उरतात. दोन आट्यांवर आवळलेली वाटी सरळ बसणारच नाही, आणि एक दिवस ते दोन आटेही घेऊन बाहेर येईल. २ मिमीची ॲलन की (षटकोनी चावी) घालून ॲक्सल मध्यावर आणा, हातानं आवळा, फेकून बघा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

नाही मिटली तर एकेक गोष्ट उलटी करायची. एका वेळी एकच. बेअरिंग उलटं घालून बघा. थरथर बदलली तर बेअरिंग नाहीतर त्याची बैठक संशयित. ॲक्सल काढून दुसऱ्या तोंडानं घाला. बदलली तर ॲक्सल वाकडा आहे, दहा-पंधरा रुपयांत विषय संपला. दोन्ही करून काहीच बदललं नाही तर दोष वाटीत. दोन्ही गोष्टी एकदम बदलून "आता बरा झाला" म्हणणारे पुष्कळ भेटतात. काय बरं झालं ते त्यांना कळलेलं नसतं, त्यामुळं पुढच्या महिन्यात ते परत माझ्या दारात.

मी जिथं जिथं चुकलो

सुरुवातीला मला वाटलं, वाट्याच आऊट आहेत, म्हणजे मध्य सोडून कापल्या गेल्यात. साहजिक आहे. वाटी दोन सेटिंगमध्ये होते. आधी एक बाजू, मग उलटी धरून दुसरी, आणि उलटी धरतानाच मध्य सरकतो. परत आलेले यो-यो मी डायल, म्हणजे बारीक फरक काट्यावर दाखवणारं गेज, लावून तपासायला बसलो. काही वाट्यांच्या कडेवर काटा नाचायला लागला आणि मला चोर सापडल्यासारखं वाटलं. पण काटा एका फेऱ्यात तीनदा वर आणि तीनदा खाली जात होता. लेथवर वाटी धरणाऱ्या चकच्या तीन जबड्यांनी पातळ कडं दाबलं जातं, दाबलेल्या अवस्थेत ते गोल कापलं जातं, आणि सोडल्यावर किंचित तिकोनी होतं. दिसायला भयंकर, पण या तिकोनीपणानं थरथर येत नाही, कारण तिन्ही बाजूंना वजन सारखंच फुगलेलं असतं आणि वजनाचा मध्य जागेवरच राहतो. काटा एका फेऱ्यात एकदाच वर-खाली गेला तर घाबरायचं. तसे फार थोडे निघाले. तरी त्या नादात मी चकचे जबडे वाटीच्या मापानं नव्यानं कापले, दाब कमी केला, आणि आता खुंटी, पायरी, आटे हे तिन्ही एकाच सेटिंगमध्ये करतो. ते करायलाच हवं होतं. तक्रारी तेवढ्याच राहिल्या.

मग मी ॲनोडायझिंगवाल्याच्या, म्हणजे वाट्यांना रंगाचा थर चढवून देणाऱ्याच्या, मागं लागलो. फोनवर तावातावानं बोललो, की तुमच्या रंगाच्या थरानं माझ्या खुंट्या जाड झाल्या. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, थर किती बसणार ते तुम्हाला आधीच सांगितलंवतं. ड्रॉइंग तुमचं, रंग आमचा." बरोबर होतं त्याचं. ॲनोडायझिंगचा थर पेंटसारखा वरनं बसत नाही, ॲल्युमिनियमच ऑक्साइड होऊन निम्मं आत जातं आणि निम्मं बाहेर वाढतं. १० मायक्रॉनच्या थरात प्रत्येक बाजूनं साधारण ५ मायक्रॉन वाढ, म्हणजे खुंटीच्या व्यासात १०. बेअरिंगचं भोक ६.३५ मिमी. मी खुंटी ६.३४५ कापत होतो. रंगानंतर ती ६.३५५ होणार हे शाळेतलं गणित, आणि ते मी केलं नव्हतं. बेअरिंग बसत होतं, पण ठोकून.

त्याची माफी मागितली. पण घट्ट खुंटीनं थरथर का यावी, तेही पंधरा दिवसांनी? घट्ट बसलेलं बेअरिंग उलट जास्त मध्यात असतं.

चमकणारा तुकडा

उत्तर गुजरीतनं आणलेल्या भिंगानं दिलं, सोनार डोळ्याला लावतात तसलं. एका पोराचा यो-यो तिसऱ्यांदा आला होता. "उघडला होतास का?" तर म्हणे, "नाय वो दादा, हात पण लावला न्हाई." भिंगातनं बघितलं, तर खुंटीवर समोरासमोर दोन ओरखडे, पक्कडीच्या दातांचे आडवे खवले स्पष्ट. काळ्या रंगावर पांढरी जखम लपत नाही. आणि त्या ओरखड्याच्या खाली, पायरीच्या कोपऱ्यात, ॲल्युमिनियमचा एक कीस, केसाहून बारीक, कोयरीसारखा वळलेला. बेअरिंग त्याच्यावर चढून बसलं होतं. सुईनं तो काढला, ओरखड्याची कड काडीला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरनं बसवली, जोडलं, फेकलं. गुळगुळीत.

मग कपाटातले परत आलेले सगळे यो-यो काढले. बहुतेकांवर पक्कड. एकावर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खुणा. "उघडला नाही" असं सगळ्यांनीच सांगितलं होतं.

पण पोरं पक्कड लावतात का? बेअरिंग घट्ट म्हणून. बेअरिंग काढतात कशाला? इथं खरी गंमत आहे. मी प्रत्येक यो-योबरोबर दोन बेअरिंग देत होतो, बाजारात बरेच जण देतात तसं. एक रुंद, ४.७६ मिमीचं, आर१८८ मापाचं. २०१७ मध्ये ज्या फिरक्यांनी (फिजेट स्पिनर) सगळ्या शाळांना याड लावलंवतं, त्यातल्या धातूच्या कित्येकांच्या पोटात हेच माप होतं, त्यामुळं ते कुठंही मिळतं. दुसरं अरुंद, ३.१८ मिमीचं. रुंद घातलं की दोन वाट्यांतली फट माझ्या डिझाइनमध्ये ४.२६ मिमी राहते, दोरी सैल फिरते, आणि यो-यो नुसत्या झटक्यानं वर येत नाही. दोरीची घडी घालून त्याला बांधून आणावा लागतो. अरुंद घातलं की फट २.६८, आणि झटका दिला की यो-यो हातात. शिकणाऱ्याला हेच हवं असतं, म्हणून मी अरुंद बेअरिंग आधीच बसवून देत होतो.

आणि २.६८ मिमीच्या फटीत दोरीचे दोन पदर शेजारी शेजारी आले की जागाच संपते. नवशिक्याचा हात वाकडा फेकतो, पदर एकमेकांवर चढतात, पॅड त्यांना ओढून घेतं, आणि बेअरिंगभोवती गाठ. ती बाहेरनं सुटत नाही, कारण नखही आत जात नाही. मग उघडायचं. उघडलं की बेअरिंगसकट गाठ एका वाटीत राहते. मग पक्कड. मग कीस. मग थरथर. आणि जोडताना "आता परत सुटायला नको" म्हणून करकचून आवळायचं, की आटेही ताणले.

म्हणजे मी दोन वर्षं थरथरीवर औषध देत होतो, आणि दुखणं गाठीचं होतं.

उघडता येणारा यो-यो ही सोय तशी अलीकडची. सॅन फ्रान्सिस्कोचे दंतवैद्य टॉम कुन यांनी १९७८ मध्ये लाकडी यो-यो सुटा करता येईल असा केला, ॲक्सल बदलता यावा म्हणून. दाताच्या डॉक्टरला सुटे भाग आणि नाजूक हत्यारं यांचं वावडं नसणारच. त्याच्या हातातलं हत्यार आणि आमच्या पोरांच्या हातातली पक्कड यांत मात्र फरक आहे, आणि डिझाइन करताना पक्कडच धरून चालायला हवं.

आता काय बदललंय

अरुंद बेअरिंग देणं बंद केलं. आता रुंदच बसवून देतो, पण त्यात घट्ट वंगण भरून, आणि दोरी बेअरिंगभोवती एकाऐवजी दोन वेढे घालून. दुहेरी वेढ्यानं दोरी बेअरिंगला धरून राहते आणि झटक्याला यो-यो वर येतो. फट ४.२६ असल्यामुळं गाठ बसलीच तर टूथपिकनं उकलते, उघडायचं कामच नाही. पुढं हात बसला की एक वेढा काढायचा, बेअरिंग धुऊन पातळ तेलाचा एक थेंब सोडायचा, आणि तोच यो-यो पुढच्या खेळाला तयार. याला अरुंद बेअरिंगइतका चपळ झटका नाही हे कबूल. एक-दोघांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

खुंटी आता ६.३३ कापतो, रंगानंतर ६.३४. बेअरिंग बोटानं निघतं. तुमच्यातले लेथवाले लगेच विचारतील, की सैल खुंटीनं मध्य नाही का सरकणार? सरकतो, जास्तीत जास्त ५ मायक्रॉन. वरच्याच हिशेबानं साडेचार ग्रॅमची ओढ, तीही पूर्ण जोरात. स्पर्धेतल्या माणसाला ती कळेल. गच्चीवरच्या काकांना कळत नाही, मी त्यांच्या हातात देऊन विचारलंय. दुकानात शून्य थरथर असलेला आणि पंधरा दिवसांत बिघडणारा यो-यो, का किंचित गुणगुणणारा आणि वर्षभर तसाच राहणारा? हौशी माणसासाठी मी दुसरा निवडला. स्पर्धेसाठी करायला घेतला तर माप वेगळं ठेवीन.

ॲक्सल एका वाटीत निळ्या थ्रेड लॉकरनं, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या गोंदानं, पक्का करतो, आणि त्या वाटीचं भोक असं खोल ठेवतो की ॲक्सल ठरल्या जागी जाऊन थांबेल. तो इकडंतिकडं सरकण्याचा प्रश्न मिटला. लॉकर लावताना एक लक्षात घ्या: टाचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. जास्त झालं तर तो खुंटीवरनं ओघळून बेअरिंगमध्ये जातो आणि मग शिव्या मला.

धातूबद्दल थोडकं. पहिली बॅच ६०६१ नावाच्या ॲल्युमिनियमची होती, आपल्याकडं बाजारात एचई२० म्हणून मागितलं की मिळतं ते. त्याची ताण सोसायची ताकद टी६ अवस्थेत, म्हणजे तापवून कडक केल्यावर, साधारण २७६ मेगापास्कल. ७०७५ टी६ ची ५०० च्या आसपास, म्हणजे आटे जवळजवळ दुप्पट दमाचे. घनता मात्र २.७० ची २.८१ होते, तेव्हा तेच ड्रॉइंग नुसता धातू बदलून कापलं तर ६६ चा यो-यो ६८ च्या पुढं जातो आणि हाताला जड लागतो. कडं थोडं घासावं लागतं. किंमत बघता मी अजून ६०६१ वरच आहे.

थरथर नसून दुसरंच काही असेल तर

जूनपासून वेगळ्या तक्रारी सुरू होतात. यो-यो घरघर करतो, मध्येच थांबतो, किंवा न सांगता वर येऊन बोटाच्या पेरावर बसतो. हा आपला पाऊस. खिशात ओला रुमाल, त्याच खिशात यो-यो, आणि बेअरिंग साध्या पोलादाचं असलं की आत गंज धरतो. बेअरिंगची झाकणं काढा, ॲसिटोनमध्ये हलवून धुवा, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. पूर्ण वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको. एकानं घातलंवतं, थंडीत ते थिजलं आणि यो-यो दोरीवर लिंबासारखा लटकला.

दोरी सुती असेल तर पावसात फुगते आणि पॅडला जास्त चिकटते, पॉलिस्टर घ्या. इचलकरंजीचं सूत हाताशी असल्यामुळं मी दोऱ्या स्वतः वळतो. लांबी बेंबीपर्यंत, काळी पडली की फेकून द्यायची.

आटेच गेले असतील तर

वाटी आवळताना शेवटी घट्ट व्हायच्याऐवजी मऊ होत जाते आणि मग गरगर फिरते, तेव्हा आटे गेले. एम५ चा टॅप मारून बघतो म्हणणारे दोघं भेटलेत. मारू नका. खुंटी ६.३५ मिमीची, त्यात ५ मिमीचे आटे पाडले की भिंत पाऊण मिमीपेक्षाही कमी उरते आणि पहिल्या आवळण्यात खुंटी फुगून बेअरिंग आतच अडकतं. त्याऐवजी भोक किती खोल आहे ते काडी घालून मोजा. बऱ्याच यो-योंत खाली एक-दोन मिमी न वापरलेले आटे असतात. १० च्या जागी १२ मिमीचा ॲक्सल घातला की तो त्या कोऱ्या आट्यांना जाऊन धरतो. आमच्या पहिल्या बॅचच्या वाट्यांत तेवढी जागा आहे. ज्यांच्याकडं त्या आहेत त्यांनी ॲक्सल नेऊन घालावा, पैसे नको. फक्त येताना यो-यो होता तसाच आणा, आणि बेअरिंग अडकलं असेल तर अडकलेलंच राहू द्या.